एक मिलिमीटर

आमच्याकडं बंडीची चाकं व्हायची. घाटंजीकडच्या कितीतरी गावांत बाबांची चाकं फिरली. चाकाचं एक बरं, त्याला खोटं बोलता येत नाही. आऱ्याचं कुसू तुंब्यात सैल बसलं, तर वरून तापवलेली लोखंडी धाव कितीही आवळू द्या, काळ्या रानातल्या चार खेपांत चाक कुरकुरतं. शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात हजर. दाराचं तसं नाही. दार वर्षानुवर्षं गप्प बसू शकतं.

माझ्या वाट्याला दारंच आली. बंड्यांना टायर लागले आणि मी राउटर घेतला. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणारं ते पातं. फर्मा लावला की पटाशीची तासाभराची खोबण दहा मिनिटांत. बाबा पाहात बसायचे. म्हणाले, "पटाशीनं एक चुकली तं दुसरीत हात सुधरते. हे यंत्र शिकत नाई, पोरा."

२०१२ च्या उन्हाळ्यात एका गुरुजींची सहा दारं घेतली. साग चांगला वाळलेला. दाराला सहा सांधे, म्हणजे छत्तीस खोबणी. पातं १२ मि.मी.चं, बुश २० चा. फर्म्याची फट बरोबर २० हवी. माझी २१ निघाली. आधी भंगार तुकड्यावर एक खोबण पाडून पाहिली असती तर तिथंच कळलं असतं. पाहिली नाही, लग्नसराईची घाई होती. हाताची चूक एकटी येते, फर्म्याची पलटण घेऊन येते. छत्तीसच्या छत्तीस खोबणी १३ च्या झाल्या, आणि कुसवं १२ ची.

पहिली दोन दारं मी सरस आणि भुसा कालवून भरून टाकली. सरस पातळ थरात धरतो. जाड फटीत तो नुसता वाळतो, हे मला ठाऊक होतं. वरून पॉलिश. कोणाला दिसणार?

बाबांनी कोपऱ्यावर अंगठा दाबला. एवढंच म्हणाले, "लोकायले नाई दिसत. तुले दिसते ना?"

उरलेल्या चार दारांच्या कुसवांना दोन्ही गालांवर अर्ध्या मि.मी.चं सागाचं व्हिनियर चिकटवलं. बसली घट्ट. पण ती दोन तशीच गेली. फोडली असती तर गुरुजींना तारीख चुकली म्हणून सांगावं लागलं असतं, आणि लाकडाचे पैसे माझ्या अंगावर.

तेव्हापासून मी एकच हिशेब करतो. ती दारं अजून उभी आहेत. पावसाळ्यात लाकूड फुगतं, फट मिटते; उन्हाळ्यात परत उघडते. मोडलं काहीच नाही, मग मी फसवलं कोणाला? आणि फसवलं नसेल, तर त्या गल्लीतून जाताना मी सायकल जोरात का मारतो?

मागच्या वर्षी गुरुजींना सगळं सांगितलं, दारं उतरवून द्या म्हटलं. ते हसले. "अरे, उघडते-लागते ना बरोबर? घे, चहा घे." त्यांनी माफ केलं की त्यांना सांधा म्हणजे काय तेच कळलं नाही, ते मला अजून उमजलेलं नाही. दारं काही काढू दिली नाहीत. मी बिजागऱ्यांना तेल घातलं आणि घरी आलो.