टाळली तर तोटा काय?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमधून गरोदर बायकांना सांगितले, की टायलेनॉल घेऊ नका, होईल तेवढे सोसा. आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर सोबत होते. टायलेनॉल म्हणजे पॅरासिटामॉल. आपल्याकडे क्रोसिन, डोलो अशा नावांनी घरोघरी असते तीच गोळी. गरोदरपणी ती घेतल्याने मुलाला ऑटिझम होण्याचा धोका वाढतो, असा त्या घोषणेचा अर्थ होता. त्याच दिवशी त्यांच्याच सरकारच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, डॉक्टरांना पत्र पाठवले. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, उलट निष्कर्षांचे अभ्यासही आहेत, आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ताप-वेदनेच्या औषधांत गरोदरपणी हेच सर्वांत सुरक्षित आहे, असे त्या पत्रात होते. भाषण जगभर पोचले. पत्र कोणी वाचले नाही.

ट्रम्प यांच्याशी वाद घालण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला अस्वस्थ केले ते त्यानंतर आपल्याकडे एका जाहीर व्याख्यानात ऐकलेल्या युक्तिवादाने. वक्ते वाचन असलेले, सभ्य आणि आदराने ऐकले जाणारे गृहस्थ. ते म्हणाले, ‘सिद्ध झाले नसेल, मान्य. पण शंका तर आहे ना? मग नऊ महिने गोळी टाळली तर तोटा काय? आपल्या आज्या काय गोळ्या घेऊन बाळंत झाल्या?’ सभागृहाने माना डोलावल्या. पुढच्या रांगांत दोन गरोदर मुली बसल्या होत्या.

आज्यांचे उत्तर आधी देतो, ते लहान आहे. ज्या आज्या बाळंतपणातून उठल्या त्यांचीच नातवंडे आज व्याख्याने देतात. ज्या तापात, हिवतापात, सूतिकाज्वरात गेल्या त्यांच्या बाजूने बोलायला कोणी उरलेले नाही.

‘तोटा काय’ हा प्रश्न मात्र हलका नाही. तो विचारणाऱ्यांच्या बाजूला, त्यांना ठाऊक नसले तरी, ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल उभे आहेत. रिचर्ड डॉल यांच्याबरोबर १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ. दोन गोष्टी बरोबरीने दिसतात, एवढ्यावरून एक दुसरीचे कारण आहे असे केव्हा म्हणावे, यावर १९६५ साली रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये त्यांनी दिलेले भाषण काही पानांचे आहे. त्यातले नऊ मुद्दे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जातात. शेवटचा भाग फारसे कोणी वाचत नाही. तिथे हिल म्हणतात, की किती पुरावा पुरेसा, हे त्या पुराव्यावर तुम्ही काय करणार यावर ठरते. लोकांना नावडते इंधन जाळायला लावायचे किंवा आवडीची सिगारेट सोडायला लावायची तर पुरावा भक्कम हवा. आणि सौम्य पुराव्यावर करता येईल अशा कृतीचे उदाहरण म्हणून त्यांनी काय घेतले? गरोदर बायकांचे सकाळच्या मळमळीचे औषध. त्यावर निर्बंध घातले आणि आपले चुकले, तरी मोठी हानी नाही; बाईही तग धरेल आणि औषध कंपनीही, असा त्यांचा आशय.

हे वाचल्यावर मी बराच काळ अडलो. ज्याच्या जोरावर मी त्या व्याख्यात्यांना उत्तर देणार होतो, तोच माणूस त्यांच्या बाजूने साक्ष देत होता. हिल यांचा काळही लक्षात घ्यायला हवा. थॅलिडोमाइडची भयानक कहाणी १९६१ मध्ये उघडकीस आली होती. हात-पाय न वाढलेली हजारो बाळे जन्माला आली होती. चार वर्षांनी बोलणाऱ्या माणसाने गरोदरपणातल्या औषधाबाबत जास्तीची सावधगिरी धरली, तर त्याला दोष कसा द्यावा?

पण हिल यांच्या या उदाहरणाची परीक्षा पुढे इतिहासानेच घेतली. अमेरिकेत बेंडेक्टिन नावाचे मळमळीचे औषध होते. त्याने बाळात व्यंग येते असा आरोप झाला, शेकडो खटले दाखल झाले, आणि १९८३ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. सदोषतेचा पुरावा नव्हता, खटले लढणे परवडत नव्हते. पुढे काय झाले? जन्मजात व्यंगे कमी झाली नाहीत. वाढले ते अतिवांतीने रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर बायकांचे प्रमाण. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच औषध नव्या नावाने एफडीएच्या संमतीने परत आले. आपल्याकडे त्याच घटकांची डॉक्सिनेट डॉक्टर आजही लिहून देतात. म्हणजे बाईने तग धरला खरा, पण सलाइन लावून, आणि त्या तीस वर्षांत तिने जे सोसले त्याची नोंद ‘सावधगिरी’च्या खात्यावर कोणी केली नाही.

हिल यांच्या तत्त्वाला मी आजही मानतो. कृती पाहून पुराव्याची पातळी ठरवावी, हे बरोबरच आहे. त्यांनी कृतीची किंमत चुकीची लावली. बाईचे सोसणे हा खर्च आहे, हे त्यांच्या हिशेबात आले नाही. त्या व्याख्यात्यांच्या हिशेबातही ते नाही.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत हा खर्च मळमळीहून फार मोठा आहे. गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत चढलेला जोराचा ताप बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीला घातक ठरू शकतो. त्यावर उपाय कोणता? आयब्युप्रोफेन नको; विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल घटू शकते, असा इशारा एफडीएने २०२० मध्ये दिला, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अकाली मिटण्याचे भय असते. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचा ताप आला, तर रक्तस्रावाच्या भीतीने ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन कोणालाच देत नाहीत. उरते पॅरासिटामॉल. ते काढून घेतले, तर तापलेल्या बाईच्या हातात ओल्या फडक्याच्या घडीपलीकडे काही राहत नाही. तोटा काय, याचे हे उत्तर आहे.

आता शंकेकडे. ती कोणी हवेतून काढलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हार्वर्डचे आंद्रेआ बाक्कारेल्ली आणि सहकाऱ्यांनी ४६ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातल्या २७ अभ्यासांत पॅरासिटामॉल आणि मुलांच्या मज्जाविकासातल्या अडचणी यांचा संबंध दिसला होता. बाक्कारेल्ली यांनी पूर्वी टायलेनॉलविरुद्धच्या खटल्यात वादींच्या वतीने मोबदला घेऊन तज्ज्ञ म्हणून काम केले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी वादींच्या तज्ज्ञांची साक्ष नाकारली होती. तज्ज्ञांची साक्ष कशी पारखावी याचा जो निकष तिथे लागला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डॉबर्ट खटल्यात घालून दिलेला, आणि तो खटला बेंडेक्टिनचाच होता. पण पैसे घेतले म्हणून बाक्कारेल्ली चूक, असे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. गोळी विकणाऱ्यांचे हितसंबंध त्याहून मोठे आहेत. माणूस कोणाचा, यावरून आकडा खरा की खोटा हे ठरत नाही.

ते कशावरून ठरते, यासाठी आणखी एका माणसाकडे जावे लागते. रोनाल्ड फिशर. विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत मोठा संख्याशास्त्रज्ञ. महालनोबीस यांच्या कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत अनेकदा येऊन गेलेला. १९५७-५८ मध्ये याच फिशरने हिल आणि डॉल यांच्यावर हल्ला चढवला. त्याचे म्हणणे असे, की सिगारेट आणि कर्करोग बरोबर दिसतात, पण कदाचित दोघांच्या मुळाशी तिसरेच काही असेल. ज्या आनुवंशिक घडणीमुळे माणूस धूम्रपानाकडे ओढला जातो तीच कर्करोगालाही कारण असेल. तंबाखू कारखानदारांच्या समितीचा तो सल्लागार होता. तो चुकला, आणि त्याची चूक फार महागात पडली.

इथे खरी अडचण आहे. कारण पॅरासिटामॉलच्या बचावात आज जे सांगितले जाते ते नेमके फिशरचेच म्हणणे आहे: गोळी घेणाऱ्या आया वेगळ्या असतात, त्यांना ताप, संसर्ग, अर्धशिशी जास्त असते, त्यांची आनुवंशिक घडण वेगळी असू शकते, आणि मुलातला ऑटिझम त्यातून येतो. मग तेव्हा चुकीचा ठरलेला युक्तिवाद आज बरोबर कसा? ज्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याने ‘विज्ञान आमच्या बाजूने आहे’ असे म्हणू नये.

उत्तराचा पहिला भाग जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्येच दिला. धूम्रपान करणाऱ्याला कर्करोगाचा धोका नऊपट असेल, तर तो सगळा तिसऱ्या कारणावर ढकलायला ते कारणही धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट आढळले पाहिजे. असे कारण कोणी दाखवू शकले नाही. मोठा संबंध सहजासहजी पुसता येत नाही, लहान येतो. पॅरासिटामॉलचा संबंध किती? स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांचा अभ्यास एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इतर घटकांचा हिशेब धरल्यावर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचा धोका इतरांच्या १.०५ पट निघाला. तो हिशेब न धरता, दहाव्या वर्षापर्यंत गोळी न घेतलेल्यांच्या शंभरात १.३३ मुले, घेतलेल्यांच्या १.५३.

दुसरा भाग भावंडांचा. त्याच अभ्यासात एकाच आईच्या अशा मुलांची तुलना केली, की एकाच्या वेळी तिने गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. आई तीच, घर तेच, आनुवंशिकतेचा मोठा भाग तोच. १.०५ चे ०.९८ झाले, संबंध नाहीसा झाला. जपानमध्ये दोन लाखांहून अधिक मुलांवर झालेल्या भावंडांच्या अभ्यासातही तो टिकला नाही. याउलट फिनलंडमध्ये एक सिगारेट ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जुळ्यांच्या जोड्या पाहिल्या, तेव्हा बहुतेक वेळा ओढणारा आधी मेला. फिशरच्या शंकेला ज्या कसोटीने खोटे पाडले, तीच कसोटी पॅरासिटामॉलला लावली आणि तिथे शंका खरी निघाली. दोन्ही वेळा युक्तिवाद एक होता, निकाल पुराव्याने दिला.

तरीही माझ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचे आहे. घोषणेनंतर ‘ही गोळी पूर्णपणे सुरक्षित आहे’ असे जे ठासून सांगितले गेले, ते मला मान्य नाही. स्वीडनच्या नोंदींत गोळी घेतलेल्या आया फक्त साडेसात टक्के दिसतात. प्रत्यक्षात जगभर हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, म्हणजे बऱ्याच जणींचे घेणे नोंदवलेच गेले नसणार. महिनोन्महिने रोज गोळी घेण्याचा परिणाम या आकड्यांतून नीट कळत नाही. गरोदरपणातल्या औषधाने ऑटिझमचा धोका वाढतच नाही, असेही नाही. फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटने तो वाढतो. २०१३ च्या डॅनिश अभ्यासात तो जवळजवळ तिप्पट निघाला, आणि फक्त फिट्स येणाऱ्या आयांमध्ये तुलना केली तरी शिल्लक राहिला. हे सांगायला आपण कचरलो, तर उद्या खऱ्या इशाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ‘गरज असेल तेव्हा, लागेल तेवढीच, कमीत कमी दिवस’ हा सल्ला डॉक्टर पूर्वीपासून देतात. बाक्कारेल्लींचे म्हणणेही मुळात याहून फार दूर नाही. ‘घेऊच नका’ हे त्यांचेही म्हणणे नाही.

मग या गोळीचा एवढा गाजावाजा का झाला? अमेरिकेत ऑटिझमचे निदान २००० मध्ये दीडशे मुलांत एक होते, २०२२ मध्ये एकतीस मुलांत एक झाले; व्याख्या रुंदावली, तपासणी वाढली, तरी एवढा आकडा पाहून माणसे कारण मागणारच. मला खटकते ते हे, की कारण सापडते ते दर वेळी आईच्या हातात. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले, आणि पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. ब्रूनो बेटलहाइम यांनी त्याचा सिद्धान्तच केला: आईने मनातून नाकारले म्हणून मूल आत मिटले. एका पिढीच्या आयांनी आपल्या मुलांसमोर बसून हे वाचले. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील होते, ही समजूत खोडून काढली. १९७७ च्या जुळ्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखवले. १९६९ मध्ये म्हाताऱ्या कॅनर यांनी पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना दोषमुक्त केले. एवढे होऊनही १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्डने १२ मुलांवरून लसीकडे बोट दाखवले, आणि ‘मीच बाळाला लस टोचून आणली’ हे ओझे पुन्हा आईवर आले. त्याचा लेख छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो मागे घ्यायला २०१० उजाडले.

आपल्याकडे ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे आजही बाईला ऐकवले जाते. तिथेही पहिला प्रश्न हाच असतो: एक दिवस विळी हातात घेतली नाहीस तर तोटा काय? दुभंगलेल्या ओठाचे मूल घेऊन बसलेल्या आईला विचारा. ती आयुष्यभर तो दिवस आठवत राहते. आता ऑटिस्टिक मुलांच्या आया सात-आठ वर्षांपूर्वीच्या गोळ्या मोजू लागतील. ज्या घरात मुलाची भाषा समजून घ्यायला, त्याला शाळा मिळवून द्यायला बळ कमी पडते आहे, तिथे ते बळ या मोजणीत जाईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमला जागा मिळाली, पण तालुक्याच्या गावात त्या मुलाला शिकवू शकणारी शिक्षिका मिळत नाही. सभागृहाने मान डोलावण्यासारखा विषय हा होता.

घरात गरोदर मुलगी, सून, बहीण तापाने फणफणली असेल, तर तिला सोसायला सांगू नका. थर्मामीटर लावा, डॉक्टरांना फोन करा, ताप कशाचा आहे ते शोधा, आणि त्यांनी सांगितलेली गोळी तिला निर्धास्तपणे घेऊ द्या. आणि ओळखीत कोणी ऑटिस्टिक मुलाची आई असेल, तर गरोदरपणी काय खाल्ले होतेस, हा प्रश्न तिला विचारू नका.