रस्ता फोडणारे हात

शहर घडते असे आपण म्हणतो. पण घडण्यापूर्वी ते फुटत असते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्या इंदूरचेच उदाहरण घ्यावे. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बी.आर.टी.एस. मार्ग २०१३ साली सुरू झाला आणि २०२५ साली तो काढून टाकण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रोचा पहिला टुकडा धावू लागला. जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या तारा यांसाठी होणारे खोदकाम तर बारमाही. सिमेंटचा रस्ता फोडायचा तर कंप्रेसर येतो, आणि त्याला नळीने जोडलेला ब्रेकर दोन्ही हातांनी धरून एक माणूस उभा राहतो. या माणसाच्या देहाची जबाबदारी कोणाची? प्रश्न यंत्रशास्त्राचा वाटतो. विचारान्ती तो नीतिशास्त्राचा ठरतो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. पंचवीस ते चाळीस किलो वजनाचे हे अवजार सहा-सात बार दाबाच्या हवेवर, म्हणजे मोटारीच्या चाकातील हवेच्या जवळजवळ तिप्पट दाबावर चालते व मिनिटाला हजाराहून अधिक ठोके देते. त्याचे काही धोके डोळ्यांना दिसतात. नळीचा जोड निसटला तर ती चवताळलेल्या सापासारखी फटके मारते. म्हणून जोडाला खीळ आणि वर सुरक्षेची तार लागते, आणि हवा बंद करून नळीतील दाब सोडल्याखेरीज जोड उघडायचा नसतो. जमिनीखाली विजेची तार आहे काय, हे आधी पाहावे लागते. पायात पोलादी टोकाचे बूट व डोळ्यांवर चष्मा हवा. हे धोके तत्काळ फळ देतात. म्हणून त्यांची थोडीफार भीती सर्वांनाच असते.

खरा प्रश्न न दिसणाऱ्या धोक्यांचा आहे. शंभर डेसिबलच्या वरचा आवाज कान हळूहळू निकामी करतो. कंपनामुळे बोटांच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. आधी मुंग्या, मग बधिरता, शेवटी सदऱ्याची गुंडी लावणेही कठीण. आणि धूळ. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या गिट्टीत सिलिका मोकळ्या स्वरूपात अल्प असते, पण काँक्रीटमधील वाळूत ती भरपूर असते. ती फुप्फुसात साचली की परत निघत नाही.

हे ज्ञान नवे नाही. १९१८ साली डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील इंडियाना प्रांतात हवेच्या हातोड्याने चुनखडी घडविणाऱ्या कारागिरांची पांढरी पडलेली बोटे तपासून कंपनाचा दोष दाखवून दिला. योगायोग असा, की त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. प्लेगच्या त्या दिवसांत गेडिस यांनी येथे दिवाळीत मिरवणूक काढविली आणि तीत सफाई कामगारांना स्वच्छ वस्त्रे देऊन सन्मानाने चालविले. शहराचे आरोग्य ज्यांच्या हातांवर अवलंबून आहे, त्यांना नगराने सन्मुख पाहावे, हा त्यामागचा भाव. शतक उलटले. स्वच्छतेबद्दल आपल्या शहराचा देशभर गौरव झाला. परंतु ब्रेकर धरणाऱ्या हातांकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला आली, असे म्हणवत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असते : साधने देतो, पण मजूरच ती काढून ठेवतो. हे अनेकदा खरेही असते. मात्र त्यातून त्याने धोका स्वीकारला असा निष्कर्ष निघत नाही. संमतीला मोल येते ते दोन अटींवर : परिणाम ठाऊक हवा आणि नकार देणे शक्य हवे. वीस वर्षांनी येणारे बहिरेपण त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि नकार दिल्यास दुसऱ्या दिवशी नाक्यावर दुसरा कोणी उभा असतो. अशी संमती ही संमती नव्हे, ती निरुपायाची सही होय.

याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. झाबुआ, अलीराजपूर, धार या जिल्ह्यांतील आदिवासी स्त्रीपुरुष गुजरातेत गोध्रा परिसरातील गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. २३८ मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली केली. ते देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश व्हायला २०१६ उजाडले. तेही सारे आपल्या पायांनीच कामाला गेले होते. म्हणून जबाबदारी त्यांची ठरली काय?

कायदा आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा अधिनियम होता; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. पण शासकीय निविदांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना माहीत आहे की सुरक्षेचे कलम शेवटल्या पानांत असते आणि दर पहिल्या पानावर. किमान दराच्या स्पर्धेत जे वगळले तरी रस्ता उभा राहतो, ते वगळले जाते. मजुराचे कान वगळले तरी रस्ता उभा राहतो.

युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने कंपनाला मर्यादा घातली आहे. त्या हिशेबाने ज्या ब्रेकरचे कंपन दर सेकंद-वर्गाला दहा मीटर आहे, तो एका माणसाने दिवसात दोन तासांहून अधिक धरू नये. अर्ध्या तासानंतरच खबरदारी सुरू व्हावी. उपाय साधे आहेत : दोघांनी आळीपाळीने काम करणे, फोडताना पाणी मारणे, छिन्नीला धार ठेवणे, कानांवर आवरण. खर्च होतो तो मुख्यतः एका जादा मजुरीचा आणि थोड्या वेळाचा.

तेव्हा प्रश्न अखेर असा उरतो : हा खर्च कोणी सोसावा? आज तो मजुराचे शरीर सोसते. रस्ता वापरणारे आपण सारे त्या सवलतीचे लाभार्थी आहोत, आणि लाभ घेणारा ऋणातून मुक्त नसतो. ठेकेदार दोषी, अधिकारी दोषी, असे म्हणून हे ऋण फिटत नाही.

महापालिकेच्या निविदा आपल्या हाती नाहीत हे मान्य. परंतु आपल्यापैकी अनेकांचे जुने वाडे पाडले जात आहेत, अंगणातील फरश्या उखडल्या जात आहेत. त्या दिवशी यंत्र आपल्या दारात येते आणि मालक आपण असतो. तेव्हा ठेकेदाराला दर विचारण्याआधी एवढेच विचारावे : ब्रेकर धरायला माणसे किती आहेत? उत्तर ‘एक’ असे आले, तर दुसऱ्याची मजुरी आपण द्यावी.