वेदना सोसणे म्हणजेच सब्र काय?

सायनसची शस्त्रक्रिया आता बहुधा दुर्बिणीने, नाकपुडीतूनच होते. चेहऱ्यावर टाका पडत नाही. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातील रुग्ण एक-दोन दिवसांत घरी परततो, आणि मग कपाळात, गालांत, डोळ्यांमागे ठणका लागतो. अशा वेळी घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती सद्भावनेने म्हणते, "गोळी कशाला? सब्र करा, गुनाह झडतात."

या वाक्यातील अर्धा भाग निःसंशय खरा आहे. श्रद्धावंताला काटा टोचला तरी त्याच्या चुकांचे क्षालन होते, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. परंतु म्हणून काटा पायातच ठेवावा, असे कोणी म्हणत नाही. हजरत अय्यूब (अ.) यांनी आपली व्यथा अल्लाहपुढे मांडली; तरीही कुरआनने त्यांना सब्र करणारेच म्हटले आहे.

तुम्ही विचाराल, मग फेफऱ्याने पीडित असलेल्या त्या स्त्रीचे काय? प्रेषितांनी (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले होते: सब्र केल्यास जन्नत, अथवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र पत्करला. याच हदीसच्या आधारे अनेक विद्वान उपचारास बंधनकारक मानत नाहीत, आणि ते रास्तच आहे. पण नीट पाहा, निवड तिची होती; तिच्या वतीने ती दुसऱ्या कोणी केली नाही. आपल्या कल्पनेतील सब्र दुसऱ्याच्या, आणि बहुतेक वेळा घरच्या सुनेच्याच, देहावर लादण्याची मुभा यातून निघत नाही.

डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, दुखणे शिगेला पोहोचण्याआधीच घ्यावी. बहुतेकांचे तेवढ्यावर भागते. शेजाऱ्याकडची गोळी मात्र घेऊ नये. ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढतो, आणि नाकात मांस वाढलेल्या काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेनने जिवावर बेतणारा दम्याचा झटका येऊ शकतो. ट्रॅमाडॉलसारखे गुंगी आणणारे औषध क्वचितच लागते. २०१८ पासून ते आपल्या देशात अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. नशेसाठी नव्हे, तर इलाज म्हणून, गरजेपुरते घेण्यास फकीहांनी मुभा दिली आहे. उरलेल्या गोळ्या कपाटात साठवणे मात्र योग्य नाही.

राहिला नमाजचा प्रश्न. सजद्यात डोके खाली जाताच नाकावर दाब येतो व रक्त सुटण्याचे भय असते, म्हणून डॉक्टर काही दिवस वाकण्यास मनाई करतात. मूळव्याधीने त्रस्त इमरान बिन हुसैन (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) उभे राहून, न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्यास सांगितले. तेव्हा बसून, इशाऱ्याने सजदा करावा. वुजूत नाकात पाणी घेणे हनफी व शाफई दोन्ही मतांत सुन्नत आहे, ते सुटले तरी वुजू होतो. गुस्लमध्ये हनफींकडे ते फर्ज असल्याने आपल्या मौलानांना आधीच विचारून ठेवावे. आपल्या कोकणी शाफई घरांना ही अडचण नाही.