स्थापकाचा चष्मा

आमच्या एका विद्यार्थिमित्रानें मध्यंतरीं आम्हांस एक छायाचित्र आणून दाखविलें. काळ्या घोंगडीवर उसाचें एक कांडें, वाटीभर साखर, लाल बासनांतली रोजकीर्द आणि जुन्या घाटाचा एक चष्मा. चित्रांत माणूस एकहि नाहीं. "हें श्रीपूर," तो म्हणाला. सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुक्यांतल्या या गांवीं बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा साखर कारखाना उभा राहिला. ती कंपनी चंद्रशेखर आगाशे यांनीं १९३४ सालीं स्थापिली. चष्मा त्यांचाच काय, असें आम्हीं विचारतांच गृहस्थ ओशाळले. चष्मा जुन्या बाजारांतला होता.

याबद्दल त्यास दोष द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. प्रतीक म्हणजे अवशेष नव्हे. आषाढी वारींत तुकोबांची पालखी याच तालुक्यांतून अकलूज, माळीनगर या वाटेनें जाते. तींतल्या पादुका चांदीच्या आहेत. त्या पायांत घालून तुकोबा चालले, अशा समजुतीनें कोणी वारकरी त्यांवर डोकें ठेवीत नाहीं, आणि म्हणून त्याचा नमस्कार खोटा ठरत नाहीं. चष्मा उसना असला तरी चालेल; मांडणी खरी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

स्थापकाचा मान मोठा, हें आम्हांस मान्य आहे. १९३२ सालीं साखरधंद्यास सरकारी संरक्षण मिळालें होतें, नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी या भागांत आलें होतें, शेजारीं माळीनगरास सासवडचे माळी शेतकरी स्वतःचा कारखाना काढीत होते; तरीहि अनुकूल काळ आपण होऊन कारखाना बांधीत नाहीं. कोणास तरी लोकांकडे भांडवल मागावें लागतें व फसल्यास तोंडहि दाखवावें लागतें.

परंतु चित्र पाहतां पाहतां आम्हांस दागेरचें एक प्रसिद्ध छायाचित्र आठवलें. १८३८ सालीं त्यानें पॅरिसमधील एका हमरस्त्याचें चित्र घेतलें. प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटें लागत, त्यामुळें चालतीं माणसें आणि धांवत्या गाड्या त्यांत उमटल्याच नाहींत. स्पष्ट उमटला तो एकटा बूट पुसून घेण्यासाठीं उभा राहिलेला मनुष्य. पुसणाऱ्याची आकृति अस्पष्टच राहिली.

आम्हीं मित्रास विचारलें, "कोयता कोठें आहे?" जुना कोयता मिळाला नाहीं, असें त्यानें सांगितलें. तें खरेंच असावें. रोजकीर्द कपाटांत राहते, चष्मा पेटींत राहतो. कोयता मात्र दर हंगामांत घांसून घांसून झिजतो आणि शेवटीं मोडींत जातो. ज्याची वस्तु वापरून संपली त्याचें स्मारक कशाचें करावें? त्यांतून तोडणीवाला बीडकडून येणार, पट्टा पडला कीं बिऱ्हाड गाडींत घालून जाणार. घोंगडीवर मांडण्यासारखें मागें ठेवतो काय? निदान हे लेखक इतकीं वर्षें चहांत साखर घालीत असतां हा प्रश्न त्यांस पडला नव्हता.

मित्र पुन्हां श्रीपुरास गेला. हंगाम चालू होता. एका तोडणीवाल्यानें आपला कोयता तासाभराच्या बोलीनें दिला. नव्या चित्रांत तो चष्म्याशेजारीं आहे. पात्यावर चिकटलेला उसाचा पाला झाडलेला नाहीं. चित्राखालीं आगाशे यांचें नांव आहे. कोयत्याच्या धन्याचें नांव काय, असें आम्हीं विचारलें. तें विचारावयाचें राहून गेलें, असें तो म्हणाला.