सतराचे तेवीस

नितीन आणि प्राचीची मुलगी आठव्या महिन्यातच जन्मली. वजन अवघं पावणेदोन किलो. चिंचवडच्या एका रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ड्यूटी सुटली की नितीन थेट तिथे जायचा. "आज वजन किती भरलं?" एवढा एकच प्रश्न तो सिस्टरना विचारायचा. वीस-पंचवीस ग्रॅम वाढलं तरी कराडला ताईला फोन करायचा.

बाळ घरी आलं आणि नावाचा विषय निघाला. नक्षत्र मघा, रास सिंह. मघाच्या चार चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे. प्राचीने पहिल्याच दिवशी 'मीरा' म्हटलं आणि ते घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलं. बारसं बाराव्या दिवशी करणं शक्यच नव्हतं, तेव्हा बाळाचं वजन चांगलं वाढलं की कराडच्या घरी करायचं ठरलं.

दरम्यान कंपनीतल्या एका मित्राने नितीनला अंकशास्त्राच्या जाणकाराकडे नेलं. त्याने कागदावर इंग्रजी अक्षरं मांडली. एमचे ४, दोन ईचे ५ आणि ५, आरचे २, एचा १. बेरीज १७. एक आणि सात, आठ.

"आठ म्हणजे शनी," जाणकार म्हणाला. "नाव छान आहे, पण आकडा जड आहे."

आठव्या महिन्यातला जन्म, आणि आता नावाची बेरीजही आठ. नितीनच्या पोटात गोळा आला. जाणकाराने उपायही लगेच सांगितला. शेवटी एक ए आणि एक एच वाढवायचा. एचा १, एचचे ५. सतराचे झाले तेवीस. दोन आणि तीन, पाच. पाच म्हणजे बुध. म्हणायला मीराच, फक्त लिहायचं 'एम, डबल ई, आर, डबल ए, एच'.

नितीनने त्याच रात्री ताईला फोन लावला. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, तेव्हा तिच्या कानावर घालणं भागच होतं. सुनंदाताई कराडच्या एका शाळेच्या कार्यालयात वर्षानुवर्षं काम करत होती. जनरल रजिस्टर, दाखले, दहावीचे फॉर्म सगळे तिच्या हातून जायचे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जन्माची नोंद झालीय ना?" तिने विचारलं.

"हो, एकवीस दिवसांच्या आतच. रुग्णालयानेच कळवलं. नावाचा रकाना तेवढा कोरा आहे."

"मग घाई नाही. बारा महिन्यांपर्यंत नाव घालायला पैसेही पडत नाहीत. तू म्हणशील ते स्पेलिंग घालू, पण माझी एक अट आहे. बारशापर्यंतची सगळी कामं तू एकट्याने करायची. जिथे नाव द्यावं लागेल तिथे हेच स्पेलिंग सांगायचं. कागदावर लिहून द्यायचं नाही, तोंडी सांगायचं. चूक झाली तर तूच दुरुस्त करून घ्यायची. बारशाच्या आदल्या दिवशी काय ते मला सांग."

"एवढंच ना?" नितीन म्हणाला.

पहिलं काम सराफाकडचं. चांदीच्या वाटीवर नाव कोरून घ्यायचं होतं. नितीनने अक्षरं सांगितली. कारागिराने मान डोलावली आणि चार दिवसांनी वाटी हातात दिली. डबल ए होता, एच नव्हता. "साहेब, मीराच ना? मला वाटलं तुम्ही हो म्हणालात," तो म्हणाला. चांदीवर कोरलेलं पुसता येत नाही. घासून पुन्हा कोरायचं ठरलं.

मग कंपनीच्या मेडिक्लेममध्ये बाळाचं नाव घालायचं होतं. फोनवरच्या मुलीने नाव विचारलं, याने अक्षरं सांगितली. "एच फॉर हैदराबाद? शेवटी? नक्की?" तिने तीनदा विचारलं. दोन दिवसांनी आलेल्या ईमेलमध्ये एच होता, पण एक ई कमी होती. पुन्हा फोन, पुन्हा 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. केकवाल्याकडे तीच गत. फ्लेक्सवाल्याने तर स्वतःहून सुधारणा केली. "तुमच्या मेसेजमध्ये चुकून जास्तीची अक्षरं पडली होती, मी काढली," असं त्याने कौतुकाने सांगितलं. मेसेज प्राचीने पाठवला होता. ताईची अट मोडल्याचं नितीनला वाईट वाटलं, आणि अट मोडूनही चूक व्हायची ती झालीच होती.

प्राची हे सगळं बघत होती. तिने नितीनला एकदाही टोकलं नाही. मात्र एका रात्री बाळ झोपल्यावर तिने मोबाइलवर अंकशास्त्राची माहिती वाचून काढली आणि कागदावर स्वतः बेरीज मांडली.

"हे बघ, त्यांच्याकडे आकडे द्यायच्या दोन पद्धती आहेत. तुझ्या जाणकाराच्या पद्धतीत आरचे २. दुसऱ्या पद्धतीत आरचे ९. त्या पद्धतीने साध्या मीराची बेरीज येते २४. दोन आणि चार, सहा. सहा म्हणजे शुक्र. तिथे एकही अक्षर वाढवायला लागत नाही."

नितीन कागदाकडे बघत राहिला. "मग खरं कुठलं?"

"ते मला नाही माहीत. पण एकाच नावाला एकीकडे शनी आणि दुसरीकडे शुक्र मिळत असेल, तर आपण घाबरायचं तरी कशाला?"

नितीनला पटलं, पण पुरतं नाही. भीती हिशेबाने जात नाही.

मग दीड महिन्याच्या लसीचा दिवस आला. आरोग्य केंद्रात सकाळपासून गर्दी. नितीनने खिडकीशी नाव सांगितलं, अक्षरं एकेक करून सांगितली, आणि या वेळी ती बरोबर टाइप झाली. त्याला हायसं वाटलं. बाळाला मांडीवर घेऊन तो बाकावर बसला. दुपट्यातून फक्त नाक दिसत होतं. तिच्या मुठीत त्याचं बोट होतं.

आतून सिस्टरने हाक मारली, "मिराह्… मिराह् कोण आहे?"

कोणीच उठलं नाही. नितीनही नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणाचं तरी बाळ असेल असं वाटून पुन्हा दुपटं सारखं केलं. सिस्टरने आणखी एकदा हाक दिली आणि पुढचं नाव घेतलं. पाच-सहा बाळं होऊन गेली तेव्हा तो उठून विचारायला गेला. सिस्टर म्हणाली, "अहो, दोनदा पुकारलं की. मिराह् तुमचीच ना?"

"मीरा," नितीन म्हणाला. "तिचं नाव मीरा आहे."

लस झाली. बाळ रडलं, थोड्या वेळाने शांत झालं. घरी येईपर्यंत नितीन काही बोलला नाही. स्वतःच्या लेकीला हाक मारली आणि ती आपल्यालाच कळली नाही, हे त्याला डाचत राहिलं.

बारशाच्या आदल्या दिवशी कराडच्या घरी ताईने विचारलं, "बोल, काय ठरलं?"

"ताई, तिला काही कमी पडू नये एवढंच होतं गं माझ्या मनात."

"ते मला ठाऊक आहे. पेटीसमोर उभा राहून तू मला फोन करायचास तेव्हाचा तुझा आवाज मी विसरलेली नाही. म्हणूनच तुला नाही म्हटलं नाही. पण हे बघ, हे थोडे दिवस जे तू केलंस ते तिला जन्मभर करायला लागलं असतं. एक ऑक्टोबर दोन हजार तेवीसपासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागतो. त्यावर जे नाव, तेच पुढे आधारवर, शाळेच्या रजिस्टरला, दहावीच्या प्रमाणपत्रावर. आता मुलाच्या नावापुढे आईचं, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. चार नावं झाली, म्हणजे चुकायला चार जागा. आधारवर नाव जन्मभरात दोनदाच बदलता येतं. पुढे चूक सापडली की प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा. दहावीचे फॉर्म भरताना माझ्या टेबलासमोर मुलं रडवेली होऊन उभी राहतात. एका अक्षरापायी. ते अक्षर त्यांनी मागितलेलं नसतं."

"म्हणजे वेगळं नाव ठेवूच नये का?" प्राचीने विचारलं. "ताई, माझ्या वर्गात चार प्राची होत्या. बाई आडनावाने हाक मारायच्या. माझ्या लेकीचं तसं होऊ नये, असं मलाही वाटतंच."

"वेगळं नाव खुशाल ठेवावं," ताई म्हणाली. "कुणी न ठेवलेलं ठेवा, जुन्या पोथीतलं शोधा, नवं घडवा. पण ऐकणाऱ्याला एकदा सांगितलं की लिहिता यावं आणि वाचणाऱ्याला तसंच म्हणता यावं. आणि एकदा जे स्पेलिंग ठरेल तेच सगळीकडे. मीरा हे नाव दोन तऱ्हांनी लिहितात, डबल ई घालून किंवा नुसत्या आयने. दोन्ही चालतील, पण त्यातलं एकच धरा."

नितीनने खिशातून जाणकाराचा कागद काढला आणि ताईच्या हाती दिला. "डबल ई, आणि शेवटी एकच ए," तो म्हणाला. "पण ताई, भीती अजून आहे."

"असू दे. पोर आठव्या महिन्यात आलीय, बापाला भीती वाटणारच. ती भीती कामाला लाव. पुढच्या लसींच्या तारखा लिहून ठेव, दर महिन्याला वजन करून आण, रात्री प्राचीला झोप मिळू दे. त्याने पोरीचं भलं होईल."

दुसऱ्या दिवशी आत्याने पाळण्यात वाकून 'कुर्रर्र' करत बाळाच्या कानात नाव सांगितलं. त्याच आठवड्यात नितीनने जन्मनोंदीच्या कार्यालयात जाऊन कोरा रकाना भरला. कारकुनाने नाव विचारलं, नितीनने सांगितलं, आणि कारकुनाने न विचारता ते बरोबर लिहिलं. तरीही नितीनने दाखल्याचं प्रत्येक अक्षर, आपलं, प्राचीचं आणि आडनावाचंही, बोट ठेवून तपासलं आणि मगच सही केली.

तात्पर्य: नाव ठेवताना हौस आणि काळजी आईबापांची असते, पण ते नाव आयुष्यभर वागवायचं असतं मुलाला. मुलावरची माया त्याच्या नावातल्या जास्तीच्या अक्षरांत घालू नये. ती त्याच्या संगोपनात घालावी, आणि नाव असं द्यावं की कुणीही हाक मारली तरी ते मूल चटकन ओ देईल.