तातडी कुणाची?

सरगूर तालुका बंडीपूर आणि नागरहोळे या जंगलांना लागून आहे. इथे रात्री कुणी मदतीसाठी फोन केला, तर पोलिसांची जीप यायलाच हवी. ती मोडीत निघाली असेल, तर नवी घेताना निविदेची वाट पाहायची का?

कर्नाटकचा १९९९ चा सार्वजनिक खरेदीतील पारदर्शकतेचा कायदा निविदा मागतो. सरकारने जाहीर केलेल्या नैसर्गिक आपत्तीत वा आणीबाणीत मात्र सूट देतो. ही सूट न्याय्य आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या रात्री बंगळूरच्या डी. जे. हळ्ळीत जमावाने पोलिसांची वाहने जाळली. असा प्रसंग आधी सांगून येत नाही.

पण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सर्वसाधारण सरकारी वाहनांची नोंदणी वाढवून मिळत नाही. गाडीचे वय तर पहिल्या दिवसापासून कागदावर असते. ते संपल्यावर तातडीचे कारण पुढे करणे म्हणजे आपल्याच दिरंगाईला संकट म्हणणे.

तरीही फोन करणाऱ्याची गरज खोटी ठरत नाही. चूक कचेरीची, भोग त्याचा. म्हणून तोवर दुसरी गाडी भाड्याने आणावी. कारणे नोंदवून निविदेची मुदतही कमी करता येते. त्या नोंदीत दोन गोष्टी हव्यातच: ही गरज आधी केव्हा कळली होती, आणि तेव्हा फाइल कुणाच्या टेबलावर होती.