किमान भाव कुणाच्या हिशेबाने?

किमान भाव म्हटलं की महाराष्ट्रात आधी साखर आठवते. जून 2018 मध्ये केंद्र सरकारने कारखान्याच्या दारात साखर किलोमागे 29 रुपयांच्या खाली विकायला बंदी घातली. फेब्रुवारी 2019 मध्ये हा आकडा 31 झाला, आणि तो आणखी वाढवून मिळावा म्हणून कारखानदारांच्या दिल्लीवाऱ्या त्यानंतरही चालूच राहिल्या. हा तळ देशातल्या कारखान्यांच्या खर्चावरून धरला जातो. ते कुणाला खटकत नाही, कारण बाहेरची साखर आत येऊन त्याहून स्वस्त विकली जाईल अशी धास्तीच नाही. 2018 मध्येच आयात शुल्क 100 टक्क्यांवर नेलं गेलं. भिंत आहे, ती सगळ्यांना दिसते.

युरोपीय समुदायातल्या देशांना आपसात अशी उघड भिंत बांधायची सोय नव्हती. 1957 च्या रोम कराराने एकमेकांच्या मालावर सीमाशुल्क लावायला मनाई केली. त्याच्या कलम 30 ने तर आयातीवरच्या संख्येच्या मर्यादाच नव्हे, तसाच परिणाम घडवणारा कुठलाही उपाय बाद ठरवला. एवढ्याशा तरतुदीवर वकिलांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या, कारण ज्या देशाला भिंत हवीच असते तो ती दुसऱ्या कशाच्या तरी पोटात दडवतो. फ्रान्सने ती पेट्रोलच्या किमान किमतीत दडवली होती. 29 जानेवारी 1985 रोजी लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयाने ती शोधून काढली.

खटल्यातल्या प्रतिवादी दुकानांमागचा माणूस मोठा वल्ली. ब्रेतान्य प्रांतातल्या लांदेर्नो गावचा एदुआर लक्लेर पाद्री व्हायला निघाला होता. ते राहिलं, आणि 1949 मध्ये तो घाऊक भावात बिस्किटं विकायला लागला. स्वस्त विकणं हा त्याच्या लेखी धंदा कमी आणि धर्मकार्य जास्त. त्याच्या नावाची दुकानं देशभर पसरली, दुकानांशेजारी पंप आले, आणि तुलूज परिसरातल्या त्याच्या दोन केंद्रांनी सरकारी किमान दराच्या खाली पेट्रोल विकायला सुरुवात केली. तिथल्या एका पंपचालकाने आणि पंपवाल्यांच्या संघटनेने त्यांना व्यापारी न्यायालयात खेचलं. लक्लेरच्या बाजूचा बचाव असा की, मुळात हा कायदाच रोम कराराला धरून नाही. तुलूजच्या न्यायाधीशांनी तो प्रश्न लक्झेम्बर्गला धाडला.

दराचं गणित थोडं किचकट आहे, पण सगळी गंमत त्यातच आहे. रिफायनरीच्या दारातल्या भावाला सरकारने कमाल मर्यादा घातली होती आणि पंपावरच्या भावाला किमान. पंपावरचा किमान दर काढताना फ्रेंच रिफायनरीचा भाव घ्यायचा आणि त्यावर वाहतूक, कमिशन, कर चढवायचे. रिफायनरीची कमाल मर्यादा ठरवताना युरोपच्या बाजारभावाकडे पाहिलं जाई, पण एका अटीवर: तो भाव फ्रेंच रिफायनऱ्यांच्या खर्चापेक्षा 8 टक्क्यांहून अधिक वर किंवा खाली नसला तर. फरक त्यापलीकडे गेला की युरोपचा भाव बाजूला, आणि फक्त घरच्या रिफायनऱ्यांचा खर्च धरायचा. समजा, घरचा खर्च 100 आहे आणि बाहेरचा भाव 95. मग सूत्र बाहेरच्या भावाची दखल घेतं. बाहेरचा भाव 88 झाला की तेच सूत्र डोळे मिटून घेतं. म्हणजे परदेशी पेट्रोल जरासं स्वस्त असेल तर ग्राहकाला त्याचा लाभ, आणि खरोखरच स्वस्त असेल तेव्हा नाही! हे ज्या कुणा अधिकाऱ्याने लिहिलं असेल त्याच्या हुशारीला दाद द्यावीशी वाटते.

न्यायालयाने काय म्हटलं नाही, ते आधी पाहायला हवं. सरकारने किरकोळ विक्रीची किमान किंमत ठरवणं करारात बसत नाही, असं ते म्हणालं नाही. लहान विक्रेत्याला जगवण्यासाठी स्पर्धेला थोडा लगाम घालायचा अधिकार त्याने सदस्य देशांकडे राहू दिला. त्याचा आक्षेप मोजपट्टीवर होता. पेट्रोल सगळीकडे सारखंच. बाहेरून स्वस्तात आणणाऱ्याच्या हातात तो स्वस्तपणा सोडला तर विकण्यासारखं दुसरं काय असतं? त्याचा तळ त्याच्या खरेदीवरून न धरता घरच्या रिफायनरीच्या खर्चावरून धरला, की ते एकमेव हत्यार काढून घेतल्यासारखंच. माझ्या मते हा या विषयावरचा सर्वांत नेमका विचार आहे, आणि किमान किमतीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही तो पुरेसा लक्षात घेतलेला नाही. दोन्हीकडची माणसं तळ असावा की नसावा यावरच भांडत बसतात.

याच लक्लेरच्या दुसऱ्या खटल्यात हा भेद आणखी स्पष्ट होतो. पेट्रोलच्या निकालाच्या 19 दिवस आधी, 10 जानेवारी 1985 रोजी, पुस्तकांच्या ठरीव किमतीचा निकाल लागला होता. फ्रान्सच्या 1981 च्या कायद्याने पुस्तकावर 5 टक्क्यांहून जास्त सूट द्यायला बंदी होती, आणि लक्लेरला ती अर्थातच मान्य नव्हती. न्यायालयाने आयात पुस्तकांबाबतची आणि निर्यात होऊन परत आलेल्या पुस्तकांबाबतची कलमं कापली, पण मूळ कायदा टिकला आणि आजही आहे. तिथे प्रत्येक पुस्तकाची किंमत त्याचा प्रकाशक ठरवतो. एका प्रकाशकाच्या खर्चावरून दुसऱ्याचा तळ कुणी आखत नाही.

फ्रेंच सरकारने आणखी एक मुद्दा मांडला होता, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. भाव मोकळे केले तर चिडलेले पंपवाले रस्त्यावर उतरतील, हिंसा होईल, म्हणून सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी ही किमान किंमत हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाचे महाधिवक्ता व्हेरलोरेन व्हान थेमाट यांनी इशारा दिला की हे मान्य केलं तर कराराने दिलेली स्वातंत्र्यं किती आणि कुठवर, हे दबावगट ठरवतील. न्यायालयाचं उत्तर कोरडं होतं: हाती असलेल्या साधनांनी हा उद्रेक आवरता येणार नाही, हे सरकारने सिद्ध केलेलं नाही. फ्रान्सने तो धडा घेतला नाही. पुढे स्पेनच्या स्ट्रॉबेरीचे ट्रक फ्रेंच शेतकरी अडवत, माल नासवत, आणि पोलीस कित्येकदा बघत राहत. 1997 मध्ये त्याच न्यायालयाने त्याबद्दल फ्रान्सलाच दोषी धरलं.

न्यायालय घरच्या रिफायनरीच्या मुळावरच उठलं होतं, असं मात्र नाही. जुलै 1984 मध्येच त्याने आयर्लंडला वेगळा न्याय दिला होता. तिथे एकच रिफायनरी, कॉर्कजवळच्या व्हाइटगेटची, आणि आयातदारांनी 35 टक्क्यांपर्यंत माल सरकारी भावाने तिच्याकडून घ्यावा अशी सक्ती. संकटकाळी देशाला इंधन मिळायला हवं, हे कारण न्यायालयाने उचित मानलं, मात्र सक्ती गरजेपुरतीच असावी या अटीवर. आयर्लंडने आपली भिंत भिंत म्हणूनच दाखवली होती, हाही त्यातला फरक.

1985 मध्येच फ्रान्समध्ये इंधनाचे भाव मोकळे झाले. 1980 च्या सुमारास देशात 40 हजारांच्या घरात पंप होते, आज 11 हजारांच्या आसपास आहेत, आणि निम्म्याहून अधिक इंधन सुपरमार्केटच्या पंपांवर विकलं जातं. सगळं पाप निकालाच्या माथी मारता येणार नाही, गळती आधीच लागली होती. पण खेड्यातल्या पंपवाल्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, एवढं मान्य करायला हवं. त्यांना जगवायचं तर अनुदान द्या, कर कमी करा, असं आपण सहज म्हणतो. त्यासाठी तिजोरीतून पैसा काढावा लागतो आणि तो अंदाजपत्रकात दिसतो. किमान दराचा पैसा ग्राहकाच्या खिशातून जातो आणि कुठेच दिसत नाही. सरकारांना किमान दर आवडतो तो म्हणूनच.

एक तळ मात्र फ्रान्समध्ये शिल्लक राहिला. 1963 च्या कायद्याने कुणालाही घेतलेल्या भावाच्या खाली माल विकता येत नाही. इथे ज्याचं त्याचं खरेदीचं बिल हीच मोजपट्टी, त्यामुळे रॉटरडॅमहून स्वस्त आणणाऱ्याला स्वस्त विकता येतं. सप्टेंबर 2023 मध्ये पेट्रोल लिटरला 2 युरोच्या आसपास गेलं, तेव्हा पंतप्रधान एलिझाबेथ बोर्न यांनी ही बंदीसुद्धा इंधनापुरती काही महिने उठवायचा घाट घातला. लहान पंपवाल्यांनी आरडाओरड केली, ते अपेक्षितच होतं. पण मोठ्या साखळ्यांनीही, लक्लेरच्या साखळीसकट, तोट्यात विकायची तयारी नसल्याचं सांगितलं. शेवटी राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी प्रस्ताव मागे घेतला आणि साखळ्यांकडे आग्रह धरला तो खरेदीच्या भावात विकण्याचा, म्हणजे 1963 च्या कायद्याने आखलेल्या तळावरच.